ऑपरेशनमधलं तोंडाच्या कॅन्सरचं टिश्यू संशोधनासाठी हवंय: ठाण्यातून महापेला नीट कसं आणायचं?

महापे_बेंच

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबसाठी विचारतोय. तोंडाच्या कॅन्सरसाठी, मुख्यतः गालाच्या आतल्या बाजूच्या आणि हिरडीलगतच्या गाठींसाठी, आरएनएवर (जनुक चालू असताना पेशीत तयार होणाऱ्या रेणूवर) चालणारी एक चाचणी तयार करतो आहोत. आतापर्यंतचं काम सगळं सेल लाइनवर (लॅबमध्ये कायम वाढवत ठेवलेल्या पेशींवर) झालं. आता खऱ्या रुग्णांचं टिश्यू लागणार. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलचे कॅन्सर सर्जन तयार आहेत. ते म्हणतात, "माणूस पाठवा, ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) तुकडा घेऊन जा." इतकं सोपं नसणार एवढं कळतंय.

हवं ते असं: ४० रुग्ण, प्रत्येकाच्या गाठीचा एक तुकडा, शेजारच्या निरोगी भागाचा एक, आणि जमल्यास जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवून जपलेले टिश्यूचे तुकडे). काही तुकड्यांतून जिवंत पेशी वाढवायचाही विचार आहे. लॅबमध्ये उणे ८० चा फ्रीजर, बायोसेफ्टी कॅबिनेट आणि द्रव नायट्रोजनचा छोटा कॅन आहे. स्वतःची एथिक्स कमिटी (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) नाही.

परवानग्या कोणाकोणाच्या लागतात? तुकडा कोणी कापायचा, कुठून, किती? ठाण्याहून इथपर्यंत कशात आणायचा? आणि चार महिने राबून शेवटी "आरएनए सडलाय" ऐकायची वेळ येऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून काय सांभाळायचं?


ग्रॉसिंग_टेबल

सर्जनसाहेबांचा हेतू चांगला आहे, पण ओटीतून परस्पर तुकडा उचलू नका. कापून काढलेला सगळा भाग आधी पॅथॉलॉजीत जातो आणि तिथून काय बाहेर जाईल ते पॅथॉलॉजिस्ट ठरवतो. कारण साधं आहे. गाठ किती खोल गेली, कडा मोकळ्या आहेत का, नस किंवा हाड धरलंय का, यावर रुग्णाला पुढे रेडिएशन द्यायचं की नाही ते ठरतं. ओटीत कुणी घाईत नेमका सर्वांत खोल भाग किंवा कड कापून नेली, तर तो रिपोर्ट कायमचा अर्धवट. आधी लगीन निदानाचं, मग संशोधनाचं. तेव्हा सर्जनइतकाच तिथला पॅथॉलॉजिस्ट तुमच्या प्रकल्पात सहसंशोधक म्हणून हवा. नुसतं आभारात नाव टाकून काम व्हायचं नाही, कारण संध्याकाळी सहाला आलेला नमुना थांबून कापणारा माणूस तोच असतो.

टेबलावर काय होतं ते सांगतो, म्हणजे कुठे वेळ जातो ते कळेल. नमुना येतो, त्याची दिशा समजून घेतात (सर्जनने टाके घालून पुढची, वरची बाजू दाखवली असेल तर बरं), कडांना शाई लावतात, शाई सुकली की गाठीतून काप घेतात. तुमचा तुकडा या कापातून निघतो. गाठीचा बाहेरचा कोंबासारखा भाग नको, तिथे केराटिन आणि जंतूच जास्त. मधला पिवळट मऊ भागही नको, तो बहुधा मेलेला असतो. गाठीच्या परिघालगतचा, घट्ट, पांढुरका भाग घ्यायचा, पण सर्वांत खोल शिरलेलं टोक सोडून. ५ मिलिमीटरचा घन म्हणजे ढोबळमानाने सव्वाशे मिलिग्रॅम. आरएनएच्या नेहमीच्या छोट्या कॉलम किटला एका वेळी ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे असा एक घन चार ठिकाणी वाटला तरी पुरतो. "जरा मोठा द्या" म्हणायची गरज नाही. गाठ एक सेंटीमीटरच्या आत असेल तर संशोधनाला काही द्यायचं नाही, हा नियम प्रोटोकॉलमध्येच लिहून टाका. नंतरचे वाद वाचतात.

सर्वांत जास्त फसगत होते ती पुढच्या गोष्टीत. तुकडा हातात आला म्हणून तो गाठीचाच आहे असं समजू नका. गोठवण्यापूर्वी त्याच्या एका अंगाचा पातळ काप वेगळ्या कॅसेटमध्ये घालून त्याची हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची (पेशी दिसाव्यात म्हणून रंगवलेली) स्लाइड करून घ्या. तीत गाठीच्या पेशी किमान ६० टक्के आणि मृत भाग २० टक्क्यांच्या आत, ही कसोटी मोठ्या जीनोम प्रकल्पांनी वापरलेली आहे. हे केलं नाही तर ४० पैकी बऱ्याच नळ्यांत नुसता स्नायू, लाळग्रंथी किंवा सूज असेल, आणि तुम्ही चाचणीलाच दोष देत बसाल.

आता शेजारचा 'निरोगी' भाग. तंबाखू-गुटख्याच्या तोंडात तो निरोगी नसतोच. आजूबाजूची सगळी श्लेष्मल त्वचा बदललेली असते हे १९५३ पासून लिहिलं जातंय, आणि आपल्याकडे त्यात सबम्युकस फायब्रोसिसची (सुपारी-गुटख्याने तोंडाची आतली त्वचा कडक होण्याची) भर. शिवाय कॅन्सरमध्ये मोकळी कड जेमतेम सेंटीमीटरभर ठेवलेली असते, तिच्यातून तुम्हाला तुकडा दिला तर कडेचा रिपोर्ट बोंबलला. जन्मजात डीएनएशी तुलना करायची असेल तर ऑपरेशनच्या आधीच ५ मिलिलिटर रक्त ईडीटीए नळीत (त्यात रक्त गोठत नाही) घ्या. खऱ्या निरोगी आरएनएसाठी कॅन्सर नसलेल्या लोकांची, उदाहरणार्थ अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेतली, हिरडी वेगळी संमती घेऊन मिळवता येते. तीही बऱ्याचदा सुजलेली असते, पण निदान कॅन्सरच्या अंगणातली नसते.


कागद_आधी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. परवानग्यांचं मी लिहितो, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

या कामाचा पाया म्हणजे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं. जैविक नमुने आणि बायोबँकिंगवर (नमुने साठवून ठेवण्यावर) त्यात स्वतंत्र प्रकरण आहे, ते एकदा पूर्ण वाचा. तुमची कमिटी नसली तरी बिघडत नाही. नमुना जिथे घेतला जातो त्या हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागतेच, आणि तुमच्या कंपनीच्या बाजूने तीच कमिटी लेखी करार करून वापरता येते. फक्त एक तपासा. २०१९ च्या नवीन औषध व क्लिनिकल चाचणी नियमांनंतर कमिटीच्या दोन वेगवेगळ्या नोंदण्या असतात. औषधांच्या चाचण्यांसाठीची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे. तुमच्यासारख्या जैववैद्यकीय संशोधनासाठीची आरोग्य संशोधन विभागाकडे, तिचं प्रमाणपत्र सीटी-०३ या फॉर्मवर मिळतं. पुष्कळ हॉस्पिटलांत पहिलं असतं आणि दुसऱ्याचं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मंजुरीपत्र हातात घेण्याआधी हा नंबर बघा, नाहीतर दोन वर्षांनी जर्नल विचारेल तेव्हा मागे जाऊन काही दुरुस्त करता येत नाही.

कमिटीला द्यायची फाइल: प्रोटोकॉल, सर्व संशोधकांचे बायोडेटा, रुग्णासाठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र, हॉस्पिटल व कंपनी यांच्यातला करार, नमुने हस्तांतराचा करार, आणि नमुना कुठे, किती वर्षं, कोणाच्या ताब्यात राहील याचं एक पान. हे शेवटचं पान लोक विसरतात आणि कमिटी पहिला प्रश्न तोच विचारते. निदानातून उरलेल्या आणि ओळख काढलेल्या नमुन्यांवरचं काम असेल तर सहसा जलद छाननीत जाऊ शकतं. तुमचं तसं नाही. तुम्ही पुढे होणाऱ्या ऑपरेशनमधून ठरवून नमुना घेताय, रक्त वेगळं घेताय आणि शेवटी त्यातून उत्पादन विकणार आहात. पूर्ण बैठकीची तयारी ठेवा. जुन्या ब्लॉकसाठी मात्र संमती माफ करण्याची विनंती त्याच अर्जात वेगळी लिहा. रुग्ण आता गाठता येत नाहीत, ओळख पूर्ण काढली जाईल आणि निदानाला पुरेसा ब्लॉक शिल्लक राहील, ही तीन कारणं स्पष्ट मांडा. माफी द्यायची की नाही ते कमिटी ठरवते, तुम्ही गृहीत धरायचं नाही.

संमतीबद्दल जरा सविस्तर. ऑपरेशनच्या छापील संमतीपत्रात खाली एक ओळ असते, 'काढलेला भाग शिक्षण व संशोधनासाठी वापरता येईल'. तिच्यावर विसंबू नका. आनुवंशिक तपासणी, पुढच्या दुसऱ्या संशोधनात वापर, व्यावसायिक वापर, देशाबाहेर पाठवणं आणि रुग्णाशी पुन्हा संपर्क, या प्रत्येकासाठी हो/नाहीची वेगळी चौकट हवी. संमती घ्यायची ती ओपीडीत किंवा दाखल झाल्याच्या संध्याकाळी. सकाळी ओटीच्या दारात, गुंगीची गोळी दिल्यानंतर घेतलेली सही ही संमतीच नव्हे. सही घेणारा शक्यतो ऑपरेशन करणारा सर्जन नसावा, कारण त्याला नाही म्हणायची रुग्णाची हिंमत होत नाही. वाचता न येणारा रुग्ण असेल तर अंगठा आणि सोबत संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार. एक प्रत रुग्णाकडे जायलाच हवी.

भाषेचं तर बोलायलाच नको. मराठी, हिंदी दोन्ही लागतील, भिवंडी-मुंब्य्राकडचे रुग्ण असतील तर उर्दूही. 'ऊती' हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर कुणाला कळत नाही आणि 'टिश्यू' म्हटलं की रुग्णाला हात पुसायचा कागद आठवतो. 'ऑपरेशनमध्ये कापून काढलेल्या गाठीचा छोटा तुकडा' असं लिहा. 'जनुकीय अनुक्रमण' ऐवजी 'आईवडिलांकडून तुमच्यात आलेल्या गुणांची पेशींतली माहिती वाचणं'. भाषांतर झालं की दुसऱ्याच माणसाकडून ते परत इंग्रजीत करवून मूळ मजकुराशी ताडून बघा. आणि संमती मागे घेतली तर उरलेला नमुना नष्ट होईल, पण तोवर निघालेले आकडे परत काढता येणार नाहीत, हेही प्रामाणिकपणे लिहा.

सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंद अशा निरीक्षणात्मक अभ्यासाला सक्तीची नाही, पण करायची तर पहिल्या रुग्णाआधी. १ एप्रिल २०१८ पासून ते मागाहून नोंद घेत नाहीत.


महापे_बेंच

दोघांचे मनापासून आभार. दोन शंका लगेच. हॉस्पिटलचं व्यवस्थापन "प्रत्येक नमुन्यामागे अमुक रुपये" असा दर मागतंय, ते चालतं का? आणि सिक्वेन्सिंग (हे जनुकीय अनुक्रमणच) सिंगापूरला करायचं चाललंय, त्याला काय लागेल?


कागद_आधी

नमुन्यामागे दर लावला की तो शरीराच्या भागाचा सौदा दिसतो, करारात तसं एक वाक्यही नको. तंत्रज्ञाचा वेळ, रसायनं, स्लाइड, साठवण यांचा खर्च भरून देणं चालतं. तो तसाच, कामाच्या नावाने, एकरकमी किंवा महिन्याला दाखवा. रुग्णाला नमुन्याचे पैसे देता येत नाहीत; निव्वळ अभ्यासासाठी त्याला जादा फेरी पडली तर प्रवासखर्च द्या. चाचणी बाजारात गेली तर फायद्यातला वाटा कोणाला, कसा, हेही आधीच ठरवलेलं असावं असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

सिंगापूरचं असं. परदेशी संस्थेबरोबरचं संयुक्त संशोधन म्हणून नमुने बाहेर जाणार असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची, मंजुरी लागते आणि ती आयसीएमआरमार्फत होते. संमतीपत्रात देशाबाहेर पाठवण्याची चौकट 'हो' असेल तेच नमुने जातील. माझा सल्ला, ४० नमुन्यांसाठी हा व्याप करू नका. सिक्वेन्सिंग देशात सहज होतं, त्याला हस्तांतराचा करार आणि कमिटीला कळवणं एवढ्यावर भागतं.


उणे_ऐंशी

गोठवणं आणि वाहतूक माझ्याकडे.

पहिलं यंत्र म्हणजे घड्याळ. चार वेळा लिहायच्या: मुख्य रक्तवाहिनी बांधली ती, नमुना शरीराबाहेर आला ती, पॅथॉलॉजीत पोचला ती आणि तुकडा गोठला ती. पहिल्या दोन ओटीतली सिस्टर लिहील, तिला छापील चिठ्ठी आणि पेन द्या. गाल-जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत वाहिनी बांधल्यापासून भाग सुटा होईपर्यंतच बराच वेळ जातो आणि त्या काळात टिश्यू शरीराच्या तापमानाला, रक्ताविना असतं. तो वेळ तुमच्या हातात नाही, पण माहीत असायला हवा. बाहेर आल्यापासून गोठेपर्यंतचा वेळ मात्र तुमच्या हातात आहे. ३० मिनिटांचं लक्ष्य ठेवा, तासाच्या पलीकडे गेलेला नमुना वेगळी खूण करून ठेवा. आरएनए लगेच तुटतो असं नाही, त्याआधी पेशी घाबरून प्रतिसाद देतात. एफओएस, जेयूएन, ईजीआर१ ही जनुकं रक्तपुरवठा तुटल्यावर बघता बघता वर जातात. तुमच्या चाचणीच्या यादीत त्यांतलं एखादं असेल तर तुम्ही कॅन्सर मोजत नसून वॉर्डबॉयला लिफ्टसाठी किती थांबावं लागलं ते मोजताय.

ओटीतून पॅथॉलॉजीपर्यंत नमुना झाकणाच्या कोरड्या निर्जंतुक डब्यात, डबा बर्फाच्या पॅकवर. सलाइनमध्ये बुडवू नका, फुगतो. फॉर्मेलिनमध्ये तर नकोच, हे ओटीतल्या मावशींना आणि मामांना दर वेळी सांगा, कारण त्यांना वर्षानुवर्षं उलट शिकवलेलं असतं. डब्यावर 'फॉर्मेलिन घालू नये' असं ठसठशीत मराठीत स्टिकर.

गोठवताना सरळ द्रव नायट्रोजनमध्ये तुकडा टाकला की त्याच्याभोवती वायूचा पापुद्रा तयार होतो, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसा, आणि उणे १९६ चं द्रव असूनही गोठणं मंदावतं. फक्त आरएनए काढायचा असेल तर ३-४ मिलिमीटरच्या तुकड्यांना ते चालून जातं. गोठलेले काप घ्यायचे असतील तर ओसीटीत (काप घेण्यासाठी टिश्यूभोवती घालायच्या जेलमध्ये) बसवून, नायट्रोजनने किंवा कोरड्या बर्फाने (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने) आधीच थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये (एक ज्वालाग्राही द्रव) धरा. इथे आपल्या हवेची एक गंमत आहे. आयसोपेंटेन साधारण २८ अंशांना उकळतं. ठाण्याच्या मे महिन्यात बाटली टेबलावर ठेवली तर ती उकळत्या पेट्रोलसारखी समजा. ठिणगीरोधक फ्रिज आणि फ्यूम हूड नसेल तर हा प्रकार हॉस्पिटलमध्ये करूच नका.

नळ्या १.८ किंवा २ मिलिलिटरच्या, स्क्रूच्या झाकणाच्या क्रायोव्हायल. नायट्रोजनमध्ये ठेवायच्या तर वाफेत, द्रवात नाही. द्रव फटीतून आत शिरतं आणि नळी बाहेर काढताच फुटते, चेहऱ्यावर. एक लिटर द्रवाचा वायू होतो जवळपास ७०० लिटर, म्हणून कॅन बंद खोलीत, लिफ्टमध्ये माणसांसोबत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत नको.

वाहतूक कोरड्या बर्फात, उणे ७८. जाड भिंतीच्या थर्माकोल खोक्यात ५ किलो घ्या. अंतर तासाभराचं असलं तरी. खोक्याचं झाकण हवाबंद चिकटवू नका, वायू निघायला फट हवी, नाहीतर खोकं फुगून फाटतं. आत तिहेरी बांधणी: नळी, तिच्याभोवती शोषक कागद घालून न गळणारी दुसरी पिशवी किंवा डबा, मग बाहेरचं कडक खोकं. शोषक कागद दुसऱ्या थराच्या आत, कोरडा बर्फ त्याच्या बाहेर. बाहेर जैविक नमुन्यासाठी यूएन ३३७३ आणि कोरड्या बर्फासाठी यूएन १८४५ ची खूण, बर्फाचं वजन किलोत. विमानाने पाठवतानाचे हे नियम रस्त्यावरही पाळलेले बरे. ट्रान्सहार्बर लोकलने डबा मांडीवर घेऊन ठाण्याहून घणसोलीला जायची हौस कुणाला झाली तर त्याला आवरा. गाडी कळवा-विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रोडने. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की मुलुंड-ऐरोली पुलावरून फिरून. चालकाला दोन्ही रस्ते आधी सांगून ठेवा.


पेशी_वाढवा

एका मुद्द्यावर वेगळं मत. तुमच्या परिस्थितीत हॉस्पिटलमध्ये नायट्रोजन नेण्यापेक्षा आरएनएलेटर (आरएनए टिकवणारं द्रावण) बरं. पॅथॉलॉजीत न सांडणारी, न पेटणारी, साध्या तापमानाला राहणारी एक बाटली. अटी एवढ्याच: तुकडा कोणत्याही एका बाजूने ५ मिलिमीटरच्या आत, द्रव तुकड्याच्या किमान पाचपट, आणि रात्रभर ४ अंशांना मुरल्यावर द्रव काढून मगच उणे ८० ला. टाकल्या टाकल्या गोठवलं तर ते आत झिरपतच नाही. तोटाही सांगतो. त्या तुकड्यावर नंतर पेशींची ठेवण नीट दिसत नाही आणि फॉस्फेट जोडलेली प्रथिनं मोजायची असतील तर हा मार्ग नको. तुम्हाला आरएनएच हवाय, तर एक नळी आरएनएलेटरमध्ये, एक गोठवलेली, असं पहिल्या पाच रुग्णांत करून आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे ते सांगणारा आकडा) ताडून बघा.

जिवंत पेशींसाठी सगळंच उलट. गोठवायचं नाही, कोरडा बर्फ नको, बर्फाला नळी टेकवायचीही नाही. २ ते ८ अंशांत, माध्यमात दुप्पट पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन आणि बुरशीसाठी अँफोटेरिसिन बी घालून, त्याच दिवशी लॅबमध्ये. तोंडातलं टिश्यू म्हणजे जंतूंची जत्रा. पोचल्यावर प्रतिजैविक घातलेल्या पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) पाच-सहा वेळा धुवा, प्रत्येक वेळी नवी डिश. तरी काही फ्लास्क जातील, बहुधा बुरशीने आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सगळेच फ्लास्क मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारे जंतू) तपासणी होईपर्यंत वेगळ्या इनक्यूबेटरमध्ये. वाचलेल्या फ्लास्कमध्ये दोन आठवड्यांनी भराभर वाढणारं दिसलं तर आनंद आवरा, ते फायब्रोब्लास्ट (आधार देणाऱ्या साध्या पेशी) असतात. ट्रिप्सिनने (पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम) ते आधी सुटतात, कॅन्सरच्या पेशी थोडा वेळ चिकटून राहतात, त्या फरकावर त्यांना वेगळं करता येतं.

आडव्या प्रवाहाचं लॅमिनार वापरू नका, ते हवा तुमच्या तोंडावर फेकतं. माणसाचं प्रत्येक टिश्यू कावीळ बी, सी आणि एचआयव्ही असलेलं समजूनच हाताळायचं. काम करणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस आणि त्यानंतर अँटिबॉडीची तपासणी. रुग्णाचा एचआयव्हीचा अहवाल नळीवर किंवा सामायिक एक्सेलमध्ये लिहू नका, त्याच्या गोपनीयतेला २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे.


ब्लॉक_आणि_ब्लेड

ताजं टिश्यू हळूहळू जमेल, तोवर दुधाची तहान ताकावर म्हणून ब्लॉक. पण हे ताक चाखून घ्या.

आधी विचारा फॉर्मेलिन कसलं. बाजारातलं ३७-४० टक्क्यांचं द्रावण नळाच्या पाण्यात एकास नऊ मिसळलेलं असेल तर ते आम्ल होत जातं आणि डीएनएचा भुगा करतं. बफर केलेलं हवं: १०० मिलिलिटर फॉर्मल्डिहाइड, ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम मोनोबेसिक आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायबेसिक सोडियम फॉस्फेट. टिश्यूच्या दहापट तरी द्रव. ६ ते ७२ तासांच्या आत बाहेर. शनिवारी दुपारी टाकलेला आणि जोडून सुट्टी आल्यामुळे बुधवारी काढलेला नमुना रिपोर्टसाठी चालतो, तुमच्या आरएनएसाठी नाही. अख्खा जबडा न कापता बादलीत टाकला असेल तर मध्यभागी फॉर्मेलिन पोचायच्या आधीच तो कुजतो. हाड मऊ करायला आम्ल वापरलेला ब्लॉक यादीतून सरळ काढा. ईडीटीएने केलेला असेल तर बघता येईल.

ब्लॉक मागू नका, काप मागा. ब्लॉक रुग्णाचा पुरावा आहे, उद्या त्याला दुसरीकडे मत घ्यायचं असेल तर तो जागेवर हवा. आरएनएसाठी १० मायक्रॉनचे चार-पाच काप सरळ १.५ मिलिलिटरच्या नळीत. ब्लॉकच्या तोंडावरचे पहिले काही काप फेकून द्यायचे, हवेने खराब झालेले असतात. दर रुग्णामागे ब्लेडची नवी जागा किंवा नवं ब्लेड, मायक्रोटोम (काप घेणारं यंत्र) पुसून. हे केलं नाही तर एका रुग्णाचा डीएनए दुसऱ्यात दिसतो. आधी आणि शेवटी एक-एक स्लाइड करून मधल्या कापांत गाठ होती याची खात्री.

ब्लॉकमधल्या आरएनएला आरआयएन लावू नका, तो कमीच येणार. डीव्ही२०० (२०० अक्षरांपेक्षा लांब आरएनए तुकड्यांची टक्केवारी) बघा, ३० टक्क्यांच्या खाली असेल तर सोडा. डीएनए वाचणार असाल तर सायटोसिनच्या जागी थायमिन दिसणारे खोटे बदल भरपूर मिळतील. ते फॉर्मेलिनचं काम, कॅन्सरचं नाही. असे बिघाड काढणाऱ्या यूडीजी एन्झाइमची प्रक्रिया करून घेतली की त्यातले बरेच जातात.


उणे_ऐंशी

@पेशी_वाढवा, आरएनएलेटरबद्दल मान्य, पाच रुग्णांची तुलना हीच योग्य वाट.

दोन गोष्टी राहिल्या. कचरा: टिश्यू आणि त्याने माखलेला कापूस-कागद पिवळ्या पिशवीत (माखलेलं प्लास्टिक लाल पिशवीत, ब्लेड-सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात), बारकोडसह, ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम फक्त हॉस्पिटलला नाहीत, संशोधन लॅबलाही आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार पहिला नमुना यायच्या आधी हवा. एमआयडीसीचा रासायनिक कचऱ्याचा करार इथे उपयोगाचा नाही.

दुसरं लेबल. रुग्णाचं नाव, केस पेपर नंबर लॅबपर्यंत येताच कामा नये. कोड आणि नावाची जोडणी हॉस्पिटलमध्ये, कुलुपात. क्रायो लेबल नळीच्या अंगावर, गोठवण्याआधी, नळी कोरडी असतानाच चिकटवा. दव आलेल्या नळीवर ते बसत नाही आणि सहा महिन्यांनी फ्रीजरच्या तळाशी वीस लेबलं वेगळी, वीस नळ्या वेगळ्या सापडतात. मार्करने लिहिलेलं स्पिरिटच्या एका थेंबाने जातं. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलली जातात. आणि प्रत्येक रुग्णाच्या नळ्या दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये वाटून ठेवा, दुसरा तुमच्याकडे नसेल तर एक संच हॉस्पिटलच्या फ्रीजरमध्ये राहू द्या. वीज गेली आणि अलार्म रात्री दोनला बंद लॅबमध्ये एकटाच वाजत राहिला तर निदान अर्धे रुग्ण तरी... म्हणजे, सगळ्या रुग्णांचा अर्धा भाग शिल्लक राहतो.


महापे_बेंच

सगळं छापून घेतलं. सर्जनना आजच कळवलं की ओटीतून काही नेणार नाही, पॅथॉलॉजीच्या मॅडमशी गुरुवारी बैठक आहे. त्यांना पहिला प्रश्न सीटी-०३ चा आणि दुसरा फॉर्मेलिन कोण बनवतं हा विचारतो. अक्कलदाढेच्या हिरडीसाठी नेरुळकडच्या एखाद्या डेंटल कॉलेजला गाठलं तर तिथल्या कमिटीची मंजुरी वेगळी घ्यावी लागेल ना?


कागद_आधी

हो, वेगळी. जिथे रुग्ण, तिथली कमिटी. ठाण्याचं मंजुरीपत्र सोबत जोडा, काम लवकर होतं, पण त्यांचं स्वतःचं पत्र मिळेपर्यंत एकही हिरडी घेऊ नका. संमतीपत्रही नव्याने करा. 'गाठीचा तुकडा' हे शब्द तसेच राहिले तर दाढ काढायला आलेला माणूस घाबरून खुर्चीतून उठेल.